गर्भहृदयाचे ठोके : श्रवण, आलेख आणि परिभाषा

‘ठोके मिळाले’, ‘ठोके नीट आहेत’, ‘ठोके कमी झाले म्हणून सिझर करावे लागले’ ही वाक्ये मराठी कुटुंबांतून आज सहज उच्चारली जातात. यांपैकी पहिल्या वाक्यात एका ध्वनीचे अस्तित्व सांगितले आहे, दुसऱ्यात त्या ध्वनीचे मूल्यमापन आहे आणि तिसऱ्यात त्या मूल्यमापनावरून घेतलेला निर्णय आहे. तिसऱ्या वाक्यातील ‘म्हणून’ हे व्याकरणदृष्ट्या साधे परिणामबोधक उभयान्वयी अव्यय होय. परंतु त्याच्या पोटात दोनशे वर्षांची निरीक्षणे, उपकरणे, वाद आणि चुका साठलेल्या आहेत. गर्भाशयातील बालकाच्या हृदयाचा ध्वनी ऐकला कसा गेला, त्याला नावे कोणती मिळाली आणि त्या नावांनी प्रत्यक्ष व्यवहाराला वळण कसे दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्यातील मुख्य अडचण खुणेचा अर्थ लावण्याची आहे, आणि ती भाषेच्या अभ्यासकांस परकी नाही.

१

प्रथम ‘ठोका’ या शब्दाकडे पाहू. मोठ्या माणसाच्या हृदयाविषयी मराठीत ‘धडधड’ हा ध्वन्यनुकारी शब्द आहे. धडधड भीतीने होते, धावल्याने होते. ती वाढते, थांबते, पण ती कोणी मोजीत नाही. ‘एकशेचाळीस धडधडी’ असा प्रयोग मराठीत संभवत नाही. ‘ठोका’ मात्र ‘ठोकणे’ या क्रियापदापासून आलेला, एकेका आघाताचा वाचक आणि म्हणून गणनीय असा शब्द आहे. घंटेचा ठोका, घड्याळाचा ठोका, ‘चारच्या ठोक्याला’ हे प्रयोग प्रसिद्धच आहेत. पोटातील बाळाच्या बाबतीत भाषेने धडधड सोडून ठोका उचलला, याचे कारण उघड आहे. येथे ध्वनी कळतो तो मोजण्यासाठी. ‘स्पंदन’ हा संस्कृत शब्द ग्रंथांतून वापरला जातो, परंतु प्रसूतिगृहाच्या ओसरीवर तो कधी पोहोचला नाही.

या ठोक्यांशी जोडले जाणारे क्रियापदही लक्ष देण्यासारखे आहे. ठोके ऐकले असे म्हणण्यापेक्षा ‘ठोके बघितले’ असेच अधिक वेळा म्हटले जाते; वैद्यही नाडी ‘पाहतो’. ही केवळ मराठीची लकब नव्हे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक याने कागदाची गुंडाळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीवर ठेवली आणि हृदयाचा ध्वनी कानाने घेतला. त्या साधनाला त्याने पुढे ग्रीक शब्दांवरून ‘स्टेथोस्कोप’ हे नाव दिले. ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. ऐकण्याच्या यंत्राला पाहण्याचे नाव मिळाले. परीक्षण हे डोळ्यांचेच काम, हा समज दोन्ही भाषांत सारखाच मुरलेला दिसतो, आणि तो पुढे या विषयात बराच महागात पडला.

२

गर्भाला स्वतंत्र हृदय आहे ही कल्पना भारतात फार जुनी आहे. चरकसंहितेत गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या आणि सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्याच्या वर्णनात गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री, म्हणजे ‘दौहृदिनी’, म्हटले आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की तो इच्छा करू लागतो, त्या इच्छा मातेच्या मुखाने बाहेर पडतात आणि त्या अपुऱ्या राहिल्यास अपत्यास वैगुण्य येते, असा तो विचार आहे. मराठीतील ‘डोहाळा’ हा शब्द प्राकृत ‘दोहल’ आणि संस्कृत ‘दोहद’ यांच्या परंपरेतला. स्वतः ‘दोहद’ हे रूप मूळचे संस्कृत नसून प्राकृतातून संस्कृतात परत गेलेले असावे, असे अनेकांचे मत आहे. त्याच्या मुळाशी ‘द्विहृद्’ आहे की ‘दुर्हृद्’ यावर मात्र एकमत नाही. पहिले मत धरल्यास डोहाळजेवणाच्या नावातच दोन हृदयांचा उल्लेख दडलेला आहे असे म्हणता येईल. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तील अशोकाला फुलण्यासाठी स्त्रीच्या पायाचा स्पर्श हवा असतो, तोही दोहदच.

तथापि यावरून प्राचीनांनी गर्भाचे ठोके ऐकले होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. त्या ग्रंथांतील गर्भहृदय हे इच्छेचे अधिष्ठान आहे. ते मागते, वाजत नाही. त्याची खूण मातेचे बोलणे ही आहे. आधुनिक पद्धतीत नेमके उलट घडले. मातेचे बोलणे बाजूला राहिले आणि तिच्या उदराला लावलेली नळी बोलू लागली.

३

युरोपातही हा ध्वनी फार उशिरा कानी आला. सतराव्या शतकात मार्साक नावाच्या एका फ्रेंच वैद्याने तो ऐकल्याचा उल्लेख त्याच्या सहव्यावसायिकाच्या पद्यात आहे. तेथे त्याची तुलना पिठाच्या चक्कीच्या खटखटीशी केली आहे, आणि उल्लेखाचा सूर थट्टेचा आहे. १८१८ साली जिनीव्हाच्या फ्रांस्वा मेयोर या शस्त्रवैद्याने गर्भिणीच्या उदराला प्रत्यक्ष कान लावून मूल जिवंत आहे की नाही हे ठरविता येते, असे थोडक्यात नोंदविले. त्यापुढे तो गेला नाही.

या विषयाचा खरा आरंभ १८२१ मध्ये झाला. लेनेकचा ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध झालेला होता. त्याचा परिचित वैद्य केर्गारादेक याने प्रसूतिकाल जवळ आलेल्या एका स्त्रीच्या पोटावर नळी ठेवली, ती वेगळ्याच अपेक्षेने. गर्भजलात मूल हालते तेव्हा पाण्याची खळबळ ऐकू येईल असे त्यास वाटत होते. खळबळ ऐकू आली नाही; ऐकू आली ती जवळ ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक. आरंभी खोलीत कोठे घड्याळ असावे असेच वाटावे इतके ते साम्य होते. मोजून पाहता मिनिटास १४० हून अधिक ठोके भरले, आणि त्याच वेळी मातेची नाडी त्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाने चालत होती. हा भेद हाच शोधाचा प्राण होय. ध्वनी ऐकला एवढ्याने तो गर्भाचा ठरला नाही. तो मातेचा नाही हे मातेच्या मनगटावर बोट ठेवून सिद्ध करावे लागले.

केर्गारादेकने आणखी एक ध्वनी नोंदविला. तो टिकटिकीसारखा तुटक नव्हता. फुंकर घालावी तसा मृदू, लांबट आणि मातेच्या नाडीच्या तालात चालणारा होता. हा ध्वनी वारेतून येतो असे समजून त्याने त्यास वारेचे नाव दिले. पुढील निरीक्षकांनी दाखविले की तो गर्भाशयाच्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांतून उठतो आणि वार पडून गेल्यावरही काही काळ ऐकू येऊ शकतो. मग त्याचे नाव ‘गर्भाशयाची फुंकर’ असे बदलले. नाळेतून येणारी, बाळाच्या ठोक्यांच्या वेगाने चालणारी तिसरी एक फुंकर वेगळी काढण्यात आली; डब्लिन येथील एव्हरी केनेडी याच्या १८३३ च्या ग्रंथात या सर्व ध्वनींचा विस्तृत विचार आहे. ऐकणाऱ्याने ध्वनीला त्याच्या कल्पित उगमाचे नाव द्यावे आणि उगम चुकीचा ठरल्यावर नाव मागे राहावे, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा घडत आले आहे.

या शोधाचे चार उपयोग केर्गारादेकने सुचविले होते : गर्भ जिवंत आहे हे कळणे, जुळे ओळखणे, गर्भाची स्थिती ठरविणे आणि ठोक्यांतील बदलांवरून त्याची प्रकृती जाणणे. पहिले तीन थोड्याच वर्षांत मान्य झाले. चौथा त्याने प्रश्नरूपानेच मांडला होता. त्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

उपमांचा प्रवासही येथेच नोंदवून ठेवावा. मार्साकच्या काळी चक्की, केर्गारादेकच्या काळी घड्याळ. पुढे पाठ्यपुस्तकांत ‘उशीखाली ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक’ ही उपमा कायम झाली आणि भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती तोंडपाठ केली. श्राव्यातीत ध्वनिलहरींचे डॉप्लर यंत्र आल्यावर दौडणाऱ्या घोड्याची उपमा पुढे आली. आजच्या विद्यार्थ्याने उशीखालचे घड्याळ बहुधा कधी ऐकलेले नसते आणि दौडता घोडा तो चित्रपटांतच ऐकतो. त्याच्यासाठी उपमान हेच उपमेयाहून अपरिचित झाले आहे.

४

हाताने आणि कानाने ठोके ऐकण्याची पद्धत साधी दिसते, पण तिच्यात अनेक निर्णय दडलेले आहेत. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ आदोल्फ पिनार यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्ण्याच्या आकाराचे लाकडी किंवा धातूचे नळकांडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभर वापरात आहे. सुईण प्रथम दोन्ही हातांनी पोट चाचपून बाळाची पाठ कोणत्या बाजूस आहे ते ठरविते, कारण ध्वनी पाठीतून सर्वांत स्पष्ट येतो. डोके खाली असेल तर जागा बेंबीच्या खाली, डाव्या किंवा उजव्या अंगास सापडते. बाळ पायाळू असेल तर ती बेंबीच्या वर सरकते. नळकांडे लावून कान टेकला की हात काढून घ्यावयाचा, नाहीतर बोटांचाच आवाज कानात भरतो. मोकळा झालेला हात मातेच्या मनगटावर जातो. केर्गारादेकने केलेली तुलना प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते.

नळकांड्याने ठोके साधारणतः अठरा ते वीस आठवड्यांनंतर ऐकू येतात; हातातील डॉप्लर यंत्राने ते दहा ते बारा आठवड्यांपासून मिळू शकतात. हृदयाची हालचाल मात्र त्याच्या बरीच आधी, शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झालेली असते. वेगाची सामान्य मर्यादा मिनिटास १२० ते १६० अशी जर्मन प्रसूतितज्ज्ञ फोन विंकेल याने १८९३ मध्ये घालून दिली होती. आज खालची मर्यादा ११० धरली जाते. शंभर वर्षे ज्या ११५ ठोक्यांना संकट म्हटले गेले ते आता स्वाभाविक आहेत. बाळांचे हृदय बदलले नाही, रेघ सरकली.

ठोक्यांचा वेग का बदलतो हेही येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि त्यातून वारेकडे जाणारे रक्त काही क्षण कमी होते किंवा थांबते. कळ ओसरली की प्रवाह पूर्ववत होतो. सुदृढ गर्भाजवळ ही विश्रांती पुरेल इतका प्राणवायूचा साठा असतो. साठा अपुरा असेल तर प्राणवायूची घट चेतासंस्थेस जाणवते आणि हृदय मंदावते. ही मंदगती कळीच्या मागून येते व कळीनंतर रेंगाळते. नाळ दाबली गेल्यास रक्तदाबातील फरकामुळे ठोके एकदम उतरतात. डोके जन्ममार्गात दाबले गेल्यानेही ते उतरतात, परंतु ते उतरणे निरुपद्रवी असते. एकच खूण, ठोके मंदावणे, आणि तिची तीन कारणे. भाषेत ज्यास अनेकार्थता म्हणतात ती येथे प्रत्यक्ष शरीरात आहे, आणि संदर्भ पाहिल्याखेरीज, म्हणजे कळ केव्हा आली व केव्हा सरली हे जाणल्याखेरीज, तिचा उलगडा होत नाही. म्हणूनच ठोके कळ संपल्यानंतर लगेच आणि निदान एक मिनिट सलग ऐकावेत असा दंडक आहे.

५

कानाने ऐकलेले ठोके ऐकताक्षणी संपतात. मागे राहतो तो कागदावरचा एक आकडा. १९६८ साली अमेरिकेत राल्फ बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४,८६३ प्रसूतींच्या नोंदी तपासून असे मत दिले की, अत्यंत टोकाची अवस्था सोडल्यास अशा अधूनमधून मोजलेल्या ठोक्यांवरून गर्भाचे संकट विश्वासाने ओळखता येत नाही. ध्वनीचे सलग लेखन करणारी यंत्रे तोवर तयार झाली होती. येल विद्यापीठात एडवर्ड हॉन यांनी १९५८ मध्ये विद्युत्संकेतांच्या साहाय्याने गर्भहृदयाचा वेग नोंदविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उरुग्वेमधील मॉन्टेव्हिडिओ येथे काल्देइरो-बार्सिया आणि जर्मनीत हामाखर यांनी त्याच दिशेने काम केले. या पद्धतीला पुढे ‘कार्डिओटोकोग्राफी’ हे नाव मिळाले. यातील ‘कार्डिआ’ म्हणजे हृदय, ‘टोकोस’ म्हणजे प्रसव आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणे. सरकत्या कागदावर वरची रेषा ठोक्यांचा वेग दाखविते आणि खालची रेषा कळा दाखविते. ऐकण्याच्या विषयाचे वाचनाच्या विषयात रूपांतर झाले.

वाचन आले की लिपी लागते आणि लिपीला नावे लागतात. मॉन्टेव्हिडिओच्या संशोधकांनी रेषेतील खळग्यांना पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा ‘डिप’ असे क्रमांक दिले. हॉन यांनी शीघ्र, विलंबित आणि बदलते अशी तीन मंदने मानली आणि प्रत्येकाशी एकेक कारण जोडले : डोक्यावरील दाब, वारेचा अपुरा पुरवठा, नाळेवरील दाब. दुसरीच परंपरा टिकली. तिच्यातील ‘शीघ्र’ हा शब्द मात्र गैरसमज करून देणारा आहे, कारण त्या मंदनाचा तळ कळीच्या शिखराशी जुळतो. ते कळीच्या आधी येत नाही, ते केवळ विलंबित नसते. वर्णन आणि कारण एकाच संज्ञेत बांधले गेल्याचा परिणाम असा झाला की, रेषेचा आकार सांगताना वाचक नकळत निदानही सांगू लागला. १९९७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न केला. मंदनास आरंभापासून तळापर्यंत ३० सेकंद किंवा अधिक लागले तर ते क्रमिक, त्याहून कमी लागले तर आकस्मिक, अशा केवळ मोजण्याजोग्या व्याख्या त्यांनी दिल्या. वर्णनात्मक व्याकरणाने ज्या कारणासाठी ऐतिहासिक स्पष्टीकरणापासून फारकत घेतली, त्याच जातीचे हे पाऊल होते.

तरीही वाचकांचे एकमत झाले नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार प्रसूतितज्ज्ञांना ५० आलेख वाचावयास दिले, तेव्हा चौघांचे मत केवळ २२ टक्के आलेखांबाबत जुळले. दोन महिन्यांनी तेच आलेख त्याच चौघांपुढे ठेवले असता २१ टक्के आलेखांबाबत त्यांनी आपलेच पहिले मत बदलले. प्रसूतीचा शेवट काय झाला हे आधी ठाऊक असेल तर वाचन त्या माहितीकडे झुकते, असेही आढळले आहे. संहितेच्या अभ्यासकांस यात नवल वाटणार नाही. येथे मात्र पाठभेदाची किंमत शस्त्रक्रियेने किंवा बालकाच्या मेंदूने चुकवावी लागते.

६

यंत्राने काय साधले याची कसोटी डब्लिन येथील राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात १२,९६४ स्त्रियांवर घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात सलग आलेख, दुसऱ्या गटात ठरावीक अंतराने कानाने श्रवण. दोन्ही गटांत मृत बालकांची संख्या सारखीच, प्रत्येकी १४, भरली. नवजात बालकांना आकडी येण्याचे प्रसंग आलेखाच्या गटात १२ आणि श्रवणाच्या गटात २७ होते. हा फरक खरा आहे आणि यंत्राच्या टीकाकारांनी तो झाकू नये. परंतु चार वर्षांच्या वयापर्यंत पाहिले असता मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत वेगळे आढळले नाही. पुढे अशा १३ चाचण्यांतील ३७,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हाही चित्र तेच राहिले : आकडी निम्म्याने कमी, मृत्यू आणि पक्षाघात यांत फरक नाही, आणि सिझेरियन शस्त्रक्रियांत मात्र सुमारे दीडपटीहून अधिक वाढ.

या विरोधाभासाचे कारण १९९६ मध्ये कॅरिन नेल्सन व सहकाऱ्यांनी आकड्यांत दाखविले. आलेखातील ज्या आकृत्या मेंदूच्या इजेशी निगडित मानल्या जातात त्यांवर विसंबून भाकीत केल्यास ते ९९.८ टक्के वेळा खोटे ठरते. आकृती चुकीची आहे असा याचा अर्थ नव्हे. इजा फार विरळ असते आणि आकृती वारंवार दिसते, एवढेच. वारंवार येणाऱ्या शब्दाला विरळ अर्थ चिकटविला की वाक्यामागून वाक्य चुकत जाते.

या पार्श्वभूमीवर संज्ञेतील एका बदलाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. आलेख बिघडला की इंग्रजीत ‘फीटल डिस्ट्रेस’ म्हणण्याची रीत होती. १९९८ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने ही संज्ञा टाळून ‘आश्वस्त न करणारी गर्भस्थिती’ अशा अर्थाची संज्ञा वापरावी असे सुचविले. वरवर पाहता हे शब्दांचे सौम्यीकरण वाटते, पण वाक्याचा कर्ता येथे बदलला आहे. ‘बाळ संकटात आहे’ हे विधान बाळाविषयी आहे. ‘आलेख आश्वस्त करीत नाही’ हे विधान वाचणाऱ्याविषयी आहे. त्याला काय माहीत नाही ते त्यात सांगितले आहे. मराठीत या जागी ‘बाळ गुदमरले’ असे म्हटले जाते. हा शब्द इंग्रजी संज्ञेहूनही पुढे जातो, कारण तो नुसती पीडा न सांगता श्वासरोध हे कारणही घडलेले सत्य म्हणून सांगतो. नातेवाईकांस एका क्षणात निर्णय समजावून देण्याची त्याची शक्ती मोठी आहे, आणि धोकाही त्यातच आहे. त्या शब्दानंतर प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणा बापाला वा आजीला राहणार? शस्त्रक्रियेनंतर बाळ मोठ्याने रडले तर ते वेळेवर वाचले असे सर्वांस वाटते. ते मुळात गुदमरलेच नव्हते ही शक्यता भाषेने आधीच वगळलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत निरोगी स्त्रीच्या नैसर्गिकपणे सुरू झालेल्या प्रसूतीसाठी सलग आलेख वापरू नये आणि डॉप्लर यंत्राने किंवा पिनारच्या नळकांड्याने ठरावीक अंतराने ठोके ऐकावेत असे म्हटले आहे. पहिल्या अवस्थेतील जोमदार कळांच्या काळात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी ऐकावे, असे हे अंतर आहे. गर्भवतीस रक्तदाब, रक्तस्राव यांसारखी जोखीम असेल तर विचार वेगळा. या शिफारशीचे स्वागत करताना एक हिशेब विसरला जातो. डब्लिनच्या चाचणीत प्रत्येक प्रसूत होणाऱ्या स्त्रीजवळ एक परिचारिका होती. एकाच परिचारिकेकडे चार स्त्रिया सोपविल्या, तर दर पंधरा मिनिटांच्या नियमाने तिला तासास सोळा वेळा ठोके मोजावे लागतील. त्यांतील एकीची दुसरी अवस्था सुरू झाली की त्या एकीसाठीच तासास बारा वेळा. मोजणी प्रत्येक वेळी पूर्ण मिनिटाची, शिवाय नाडी, शिवाय नोंद. असे असता कागदावर ‘१४०’ हा आकडा ओळीने उमटत जातो. प्रत्येक वेळी वाटोळाच आकडा यावा ही शरीराची रीत नव्हे. कानाने ऐकणे स्वस्त आहे असे जे म्हटले जाते ते उपकरणापुरतेच खरे. ऐकणारी व्यक्ती हा त्यातील महाग भाग आहे, आणि आलेख काढणारे यंत्र अनेक ठिकाणी विज्ञानामुळे नव्हे, तर त्या व्यक्तीच्या अभावामुळे आलेले आहे.

७

संज्ञेचा प्रश्न प्रसूतिगृहाबाहेरही गेला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या कायद्याने गर्भाच्या ‘हार्टबीट’चा शोध लागल्यानंतर गर्भपात करण्यास मनाई केली, हा काळ सुमारे सहा आठवड्यांचा येतो. त्या वयात हृदयाचे कप्पे पूर्ण घडलेले नसतात आणि झडपांच्या मिटण्याने होणारा ध्वनी अस्तित्वात नसतो, म्हणून त्या हालचालीस ‘हृदयक्रिया’ म्हणावे, असा प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाचा आक्षेप होता. कायद्याने मात्र व्याख्येतच हृदयक्रियेचा अंतर्भाव केला होता. कायद्याच्या इष्टानिष्टतेचा विचार येथे कर्तव्य नाही. पडद्यावर दिसणाऱ्या थरथरीला ऐकू येणाऱ्या ठोक्याचे नाव मिळाले, एवढे नोंदविणे पुरे. मराठीतही सोनोग्राफीनंतर ‘ठोके आले’ असेच म्हटले जाते, आणि ते प्रथम डोळ्यांनीच आलेले असतात.

डॉप्लर यंत्रातून जे ऐकू येते तेही काटेकोर अर्थाने हृदयाचा ध्वनी नव्हे. यंत्र न ऐकू येणाऱ्या लहरी आत सोडते. हलणाऱ्या पृष्ठभागावरून परतताना त्यांची वारंवारता किंचित बदलते आणि तो फरक यंत्र श्राव्य ध्वनीत रूपांतरित करते. हृदयाची भिंत, झडपा, नाळेतील रक्त, मातेच्या रोहिण्यांतील रक्त, जे जे हलते त्याचा असा ध्वनी होतो. पिनारच्या नळकांड्याने टिकटिक आणि फुंकर हा भेद कानास सहज कळतो, कारण तेथे मूळ ध्वनीच पोहोचतो. डॉप्लर यंत्रात दोन्ही एकाच कर्ण्यातून, जवळजवळ एकाच पोताचे होऊन बाहेर पडतात. सलग आलेखाचे यंत्र कधी वेग दुप्पट तर कधी निम्मा करून दाखविते. मातेची नाडी ७० असता कागदावर १४० उमटले, तर बाळ सुखरूप दिसते.

अशी लहान यंत्रे आता घरी वापरण्यासाठी विकत मिळतात. २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३८ आठवड्यांच्या एका गर्भवतीचा वृत्तान्त आला होता. बाळाची हालचाल कमी झाल्याचे तिच्या ध्यानात आले होते. परंतु घरच्या यंत्राने ठोके ऐकू येतात असे वाटल्याने ती थांबली. काही दिवसांनी रुग्णालयात तपासले तेव्हा बाळ दगावलेले होते. अशा प्रसंगी जे ऐकू येते ते पुष्कळदा मातेच्याच रक्तवाहिन्यांचे असते, म्हणजे केर्गारादेकने १८२१ मध्ये वेगळा नोंदविलेला दुसरा ध्वनी. त्या स्त्रीच्या मनगटावर कोणी बोट ठेवले नव्हते. तिला आधी मिळालेली खूण निराळी होती आणि ती तिला स्वतःच्या शरीरातून मिळाली होती. महाराष्ट्रातील कोणतीही जाणती बाई गर्भवतीस प्रथम जे विचारते, ‘बाळ फिरतंय ना?’, त्याचे उत्तर त्या दिवशी ‘कमी’ असे होते.